तिसऱ्या नावाचा लाल ठिपका

मित्रांनो, मला कान नाहीत. तरी माझं सगळं आयुष्य आवाजाच्या दारात बसून गेलं. आवाज आत यायचा, मी त्याची उंची मोजायचो आणि उजेडाच्या पट्ट्यांनी दाखवायचो. आवाज टिपून ठेवणाऱ्या एका जुन्या यंत्राचा मी मीटर आहे. माझ्यावर काच आहे, आणि त्या काचेतून समोरची माणसं मला दिसतात. शब्द माझ्या शेजारून आत जातात, जाताना ओळख देऊन जातात. पण बोलणारा हसत होता की रडत, हे मला कळत नाही. मला फक्त उंची कळते.

सध्या मी गुंत नदीच्या काठच्या एका घरात, वाळलेल्या तुतीच्या डब्याशेजारी, कोनाड्यात असतो. बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत. दर शुक्रवारी या घरची शिरीनमो माझ्यावरची धूळ पुसते. सांगण्यासारखं माझ्याजवळ फार काही नाही. एक लाल ठिपका आहे, त्याचीच ही हकिकत.

कारखान्यातला पहिला दिवस मला आठवतो. निळा डगला घातलेल्या एका बाईने माझ्यातून एकसुरी शिट्टी सोडली आणि ती थोडी थोडी वाढवत नेली. आधी हिरव्या पट्ट्या चढल्या, मग पिवळ्या, आणि अगदी टोकाला लाल ठिपका पेटला. तिने कागदावर बरोबरची खूण केली आणि मला खोक्यात घातलं. हा ठिपका वाईट आहे असं तेव्हा कुणी म्हणालं नाही. तो पेटतो की नाही, एवढंच बघायचं होतं.

माझं गणित तुम्हांला उलटं वाटेल. माझं शून्य सगळ्यात वर असतं आणि त्याच्या खाली सगळं वजा. कुजबुज वजा चाळीसला, गप्पा वजा वीसला, लग्नातला डफ वजा सहाला. शून्य म्हणजे छत. जुन्या फितीच्या यंत्रांत हे छत जरा मऊ असायचं म्हणे, आवाज थोडा वर गेला तरी सांभाळून घ्यायचं. आमच्या अंकांच्या यंत्रांत तसं नाही. शून्याच्या वर जागाच नाही. आवाज त्याहून उंच आला, तर छताच्या वरचा भाग छाटला जातो, डोंगराचा माथा करवतीने सपाट करावा तसा. मग ऐकताना तिथे खरखर ऐकू येते. छाटलेला माथा पुन्हा कुठे मिळत नाही. म्हणून जाणता माणूस वर मोकळी जागा ठेवतो, गाणं वजा बाराच्या आसपास चालवतो आणि माझ्याकडे बघत राहतो.

आवाज छताला लागला की माझा लाल ठिपका पेटतो. आणि तो आपोआप विझत नाही. पट्ट्या खाली येतात, गाणं संपतं, माणसं उठून जातात, ठिपका तसाच असतो. शेजारचं छोटं बटण कुणीतरी दाबेपर्यंत. 'पाहिलं' असं माणसाने मला सांगावं, म्हणून ते बटण केलेलं आहे.

डोंगरातल्या खोरुग शहराच्या रेडिओत मी आलो तो दौलतशोच्या हातात. तेव्हा तो तिशीचा होता. शिडशिडीत, डोक्यावर भरतकामाची टोपी, बोलणं कमी. नव्या माणसांना तो मला दाखवून सांगायचा, "लोक म्हणतात आवाज छान आला. ते आपल्या मनाचं सांगतात. हा खरं सांगतो." ते माझं कौतुक होतं, असं नंतर कळलं. आम्ही लग्नं टिपली, शाळेतल्या कविता टिपल्या, नांगरणीची गाणी टिपली, पुराच्या दिवसांत नदी केवढी वाढली ते सांगणारा माणूस टिपला. काम संपलं की दौलतशो माझ्याकडे बघायचा आणि बटण दाबायचा.

पहिली काही वर्षं तो आधी बघायचा, मग दाबायचा. पुढे दाबता दाबता बघायचा. त्याही पुढे नुसता दाबायचा. हा बदल कधी झाला ते मी सांगू शकणार नाही. मला तारखा मोजता येत नाहीत.

एका शरद ऋतूत शिरीनमो रेडिओत आली. ती दौलतशोची मामेबहीण, त्याच्याहून मोठी. फडक्यात बांधलेले नान तिने टेबलावर ठेवले. दौलतशो तेव्हा माझ्या बॅटऱ्या बदलून यंत्र चालू करून बघत होता, म्हणून तिचं बोलणं माझ्यापर्यंत आलं.

"दौलत, बाबांच्या घशात गाठ निघालीय."

"केवढी, आपा?"

"उन्हाळ्यात तुतीएवढी होती. आता अक्रोडाएवढी आहे. दुशान्ब्याचे डॉक्टर म्हणतात, गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागेल. म्हणाले, जगतील. पण आवाज राहणार नाही."

माझ्या पट्ट्या बराच वेळ तळाशी होत्या. खोलीत कुणीच नाही, असं मी दाखवत होतो.

"कधी?" दौलतशोने विचारलं.

"मंगळवारी कापणार. शनिवारी पहाटे जीप निघते. शुक्रवारी दुपारी ते मोठी मद्दोह म्हणणार आहेत. पूर्ण. तू टिपून घे."

"मी नाही तर दुसरं कोण टिपणार?"

"शिकणारासुद्धा दुसरा कुणी नव्हता," ती म्हणाली. वजा तीस. मग म्हणाली, "नान गरम आहेत, खाऊन घे."

मित्रांनो, तुम्ही कीर्तन ऐकलं असेल तर मद्दोह तुम्हांला परकी वाटणार नाही. एक माणूस रबाब घेऊन बसतो. मौलाची स्तुती गातो, मध्येच थांबून गोष्ट सांगतो, तिचा अर्थ उलगडतो, पुन्हा गातो. ऐकणारे आधी नुसते बसलेले असतात. मग केव्हातरी ते आतून सैल होतात आणि घर एकच श्वास घ्यायला लागतं. उस्ताद नेककदम, म्हणजे शिरीनमोचे वडील, यांची मोठी मद्दोह दीड तासाची होती. तिच्या शेवटी मौलाची तीन नावं येतात, तिसरं सगळ्यात उंच. पाच पिढ्या ती बापाकडून मुलाकडे आली, कुठेही लिहिलेली नाही. उस्तादांना मुलगा नव्हता. भाचा होता. दौलतशोने बाविसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या मांडीला मांडी लावून अर्धी शिकली आणि मग तो रेडिओत लागला. उरलेली अर्धी उस्तादांच्या घशात होती, अक्रोडाएवढ्या गाठीच्या पलीकडे.

शुक्रवारी दुपारी छताच्या झरोक्यातून ऊन घराच्या मधोमध पडलं होतं. चाळीसेक माणसं आतल्या भिंतींलगतच्या ओट्यांवर दाटीने बसली होती. दौलतशोने माइक उस्तादांसमोर ठेवला आणि मला हातात घेतलं.

"मामा, एकदा म्हणून दाखवा. जिथे सगळ्यात वर जाता, तेवढंच. म्हणजे मला जागा ठेवता येईल."

"कसली जागा?"

"आवाजाला. वर."

"वर जागा आहेच की," म्हणत उस्तादांनी झरोक्याकडे बोट केलं. माणसं हसली. माझ्या पट्ट्या वजा अठरावर गेल्या.

"मामा, खरंच सांगतो. तिसरं नाव तेवढं घ्या एकदा."

"दौलत, नाव म्हणजे काय बाजारातलं टरबूज आहे, आधी ठोकून बघायला? नाव करून बघायचं नसतं रे. घ्यायचं असतं. एवढंही विसरलास का तिकडे जाऊन?"

दौलतशोने मान खाली घातली. "मग दुसरं काहीतरी. मोठ्याने."

"शेळ्यांना हाक मारू?"

"मारा."

उस्तादांनी घसा खाकरला आणि दाराकडे तोंड केलं. "ए काळे! ए शिंगमोडे! या गं घरी, या!"

वजा चौदा. आणि खरोखरच दोन शेळ्या अंगणातून धावत उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"चला," शेजारची मावजुदा खाला म्हणाली, "ऐकणारे दोन वाढले. सरका जरा, बसू द्या त्यांना."

हसणं थांबेपर्यंत दौलतशोने माझ्या बाजूची कळ थोडी वर फिरवली. शेळ्यांची हाक वजा दहावर बसेल अशी. वर दहा पायऱ्या मोकळ्या राहिल्या, आणि एवढी जागा भरपूर आहे असं त्याला वाटलं. शेळ्यांना मारलेली हाक आणि मौलाला मारलेली हाक एकाच घशातून येते, म्हणून एकाच उंचीची असेल, असं धरून तो चालला. नव्या यंत्रांत जोडीला एक हळू आवाजातली प्रतही निघते, म्हणजे एक बिघडली तर दुसरी असते. माझ्यात तशी सोय नव्हती. माझ्यात एक कळ होती, दोन पट्ट्या होत्या आणि एक ठिपका.

मग त्याने टोपीवरून कानाला हेडफोन लावला. आत काय टिपलं जातंय ते त्यातून ऐकू येतं.

"हे काय?" मावजुदा खाला म्हणाली. "उस्तादांपुढे कान झाकून बसतोस? थंडी वाजते का कानांना?"

"खाला, यातून मला आतलं ऐकू येतं."

"बाहेरचं एवढं गोड असताना आतलं कशाला हवंय मेल्या?"

"शहरातला आहे तो आता," मागून कुणी म्हणालं, "गाळून पितो."

पुन्हा हसणं. दौलतशोने हेडफोन काढून गळ्यात घेतला, मग तिथूनही काढून बाजूला ठेवला. आता त्याच्याजवळ खरं सांगणारा मी एकटा उरलो. त्याने मला गुडघ्यावर ठेवलं, काच स्वतःकडे करून. उस्तादांनी रबाबाच्या तारेवर बोट ठेवलं.

पहिला तास मी बहुतेक हिरवाच होतो. उस्ताद गात होते, थांबत होते, सांगत होते. गोष्ट एका वाटसरूची होती. तो नदीच्या काठावर उभा आहे. पाणी गर्जतंय. होडी पैलतीराला आहे. तो पहिली हाक मारतो ती स्वतःसाठी. पाणी ती गिळून टाकतं. दुसरी मारतो ती पोरांसाठी, कारण पोरं घरी वाट बघताहेत. ती अर्ध्या पाण्यापर्यंत जाते. तिसऱ्या वेळी मागण्यासारखं त्याच्याजवळ काही उरत नाही, म्हणून तो नुसतं मौलाचं नाव घेतो.

"आणि ती हाक पोचली का?" रबाबावर हात ठेवून उस्तादांनी विचारलं. "हाक मारणाऱ्याला ते कळत नाही, बाबांनो. कानात तर पाणीच गर्जतंय त्याच्या. ते कळतं पैलतीराला."

मग नावं आली. पहिलं नाव वजा सातवर गेलं. दौलतशोचा चेहरा माझ्यावर झुकलेला होता. दुसरं वजा तीनवर गेलं. त्याच्या भुवया हलल्या आणि बोटं कळीकडे निघाली. त्याच वेळी उस्तादांनी श्वास घेतला, खोल, घशातल्या गाठीवरून घासत गेलेला. आणि तिसरं नाव आलं.

त्या नावाला मान खाली जाते आणि हात डोळ्यांवर येतो, ही त्या घराची रीत आहे. दौलतशो लहानपणापासून तेच करत आला होता. तिथे त्याला कुणी आठवण द्यावी लागत नव्हती. बोटं कळीपर्यंत पोचली नाहीत, डोळ्यांवर गेली. त्याच्या टोपीवरची लाल-पांढरी नक्षी तेवढी मला दिसत होती.

मी पेटलो. तिसरं नाव चार श्वास लांब होतं, आणि त्यातले तीन श्वास माझ्या छताच्या वर होते. घरात चाळीस माणसं होती आणि चाळीस माना खाली होत्या. लाल उजेड फार नसतो. दौलतशोच्या मनगटावर तो थोडा पडला असेल.

मद्दोह संपली. सगळ्यांनी तळवे वर केले, चेहऱ्यांवरून फिरवले, आमीन म्हटलं. दौलतशोचाही हात चेहऱ्यावरून उतरला आणि उतरता उतरता अंगठा बटणावर पडला. सवयीने. ठिपका विझला. मग त्याने डोळे उघडले. ते ओले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी स्वच्छ होतो.

मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही, मित्रांनो. मला वाटत नाही. मला चढता येतं आणि उतरता येतं.

उस्ताद तिथेच बसले होते, मानेला हात लावून कोमट शीर-चाय, दुधाचा खारा चहा, पीत. संध्याकाळपर्यंत ते तिथेच होते. जीप दुसऱ्या दिवशी पहाटे निघायची होती.

"आलं का रे?" त्यांनी विचारलं.

"आलं, मामा."

"तिसरं?"

"सगळं आलं."

उस्तादांनी मान हलवली, पण लगेच नाही.

मंगळवारी दुपारी शिरीनमोचा फोन आला. झालं, बरे आहेत, एवढंच ती म्हणाली. दौलतशोने फोन ठेवला, रेडिओतल्या टेबलाशी बसला, हेडफोन लावला आणि मद्दोह पहिल्यापासून ऐकायला घेतली. एक तास अठ्ठावीस मिनिटांवर तो थांबला. मागे गेला. पुन्हा ऐकलं. जिथे उस्तादांचा आवाज हवा होता तिथे फाटलेल्या कापडासारखी खरखर होती. त्याने अकरा वेळा ऐकलं आणि अकरा वेळा मी पेटलो. अकरा वेळा त्याने बघून बटण दाबलं. नंतर समोरचा गार चहा प्यायला, नानचा तुकडा मोडून खाल्ला, खिडकी लावून घेतली आणि पाच वाजताच्या हवामानाच्या बातम्या टिपायला गेला.

तो हिवाळा तसाच गेला. त्याने घरच्या कुणाला सांगितलं नाही. काम नेहमीसारखं करत होता. फरक एवढाच की आता तो माझ्यावरून डोळे काढत नसे. रिकामी खोली टिपतानासुद्धा बघत राहायचा. समोरचा माणूस बोलून थांबला तरी याला कळायचं नाही, मग तो माणूस खांद्याला हात लावायचा. एकदा एका गाणाऱ्या बाईने विचारलं, "भाऊ, मी इथे गातेय. तुम्ही त्या डबीत काय शोधताय?" तो म्हणाला, "काही नाही, गा." वजा सत्तावीस.

दुशान्ब्यातल्या एका स्टुडिओवाल्याशी तो एकदा बोलला. फोन माझ्या शेजारी टेबलावर मोठ्याने चालू होता.

"छाटलेला माथा ना? संगणक काढून देतो, भाऊ," स्टुडिओवाला म्हणाला. "अलीकडचा चढ बघायचा, पलीकडचा उतार बघायचा, मधला डोंगर अंदाजाने भरायचा. ऐकणाऱ्याला पत्ताही लागणार नाही."

फेब्रुवारीत शिरीनमो वडिलांना घेऊन परत आली. उस्तादांच्या गळ्याला आता एक भोक होतं, त्यावर पांढरा रुमाल. ते आतल्या बाजूला झोपले होते. शिरीनमो चुलीशी होती. दौलतशोने मला फडताळावर ठेवलं, चालूच ठेवलं, आणि तिला सगळं सांगितलं. हेडफोन, खाला, शेळ्या, अंगठा. त्याचा आवाज एकदाही वजा वीसच्या वर गेला नाही.

शिरीनमोने चुलीवरचं भांडं खाली घेतलं. "म्हणजे तिथे बाबा नाहीत."

"आहेत, आपा. माथा नाही."

"आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते इथे बसले होते."

"हो."

"तू तेव्हा बघितलं असतंस तर त्यांनी पुन्हा घेतलं असतं."

"हो."

दौलतशोने स्टुडिओवाल्याचं सांगितलं. संगणक अंदाजाने भरून देईल, कुणाला कळणार नाही.

"नाव कुणाचं असेल तिथे?"

"मौलाचंच."

"आणि घेणारं कोण?"

दौलतशोने चुलीतलं एक लाकूड आत सरकवलं.

"मग नको," शिरीनमो म्हणाली. "फाटकं राहू दे. शिवून आणलेलं बाबांचं म्हणून ऐकवायला मला जमणार नाही. बाबा नवरोजच्या सणाला ते ऐकायचं म्हणताहेत. त्यांना तू सांग. मी सांगणार नाही." तिने पेला पुढे केला. "मीठ घालू चहात?"

"घाल."

नवरोजला तीच माणसं जमली. झरोक्यातून तेच ऊन. दौलतशो उस्तादांच्या समोर गुडघे टेकून बसला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मामा, तिसरं नाव फाटलंय. चूक माझी आहे. मी बघितलं नाही."

मावजुदा खाला पुटपुटली, "मीच काढायला लावलं रे त्याला ते कानाचं." ते कुणी मनावर घेतलं नाही.

उस्तादांनी हाताने खूण केली, लाव. मग हात पुढे करून मला दौलतशोच्या गुडघ्यावरून उचललं आणि आपल्या गुडघ्यावर ठेवलं. टिपलेला आवाज बाहेर जातानाही मी त्याची उंची दाखवतो. दौलतशोने यंत्र लावलं, आणि उस्तादांचा शरदातला आवाज त्यांच्याच समोर सुरू झाला.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा दौलतशोखेरीज कुणीतरी माझ्याकडे सुरुवातीपासून नजर न हलवता पाहिलं. हिरव्या पट्ट्या चढल्या तसे त्यांचे डोळे चढले, उतरल्या तसे उतरले. वाटसरू नदीवर आला. पहिली हाक गेली, दुसरी गेली. पहिलं नाव आलं, दुसरं आलं. माणसांचे हात डोळ्यांकडे निघाले, पण उस्तादांनी मान खाली घातली नाही. मग खरखर आली, आणि मी लाल पेटलो.

ओट्यावर कुणीतरी हाय म्हणालं. मद्दोहचे शेवटचे शब्द संपले. दौलतशोचा अंगठा बटणाकडे गेला. उस्तादांनी तो वरच्यावर धरला.

त्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिलीने लिहिलं आणि शिरीनमोकडे दिली. ती वाचायला लागली.

"बाबा विचारताहेत, हा दिवा कशाचा?"

"आवाज छताला लागला की तो लागतो, मामा. मला तो दिसायला हवा होता. मी आधी जागा ठेवायला हवी होती."

वही पुन्हा इकडून तिकडे गेली. शिरीनमो थांबत थांबत वाचत होती. "गाठीमुळे त्या दिवशी मला आतून काही कळत नव्हतं. तिसरं नाव घशातच अडकलं असं वाटलं. तू सगळं आलं म्हणालास, पण तू म्हणणारच. हिवाळाभर दवाखान्यात तेच डोक्यात होतं." तिने पान उलटलं. "दिवा लागला म्हणजे छताला लागलं?"

"लागलं, मामा." वजा तीस. मग जरा वर, वजा वीस. "छताच्याही वर गेलं. म्हणून तर फाटलं."

उस्तादांनी वही मिटली. दौलतशोचा अंगठा अजून त्यांच्या मुठीत होता. मला त्यांनी झरोक्यातल्या उन्हात नेलं. उन्हात लाल ठिपका नीट दिसत नाही, म्हणून परत सावलीत आणलं आणि बघत बसले. शिरीनमोने चहा ओतला. शेळ्या बाहेर ओरडत होत्या, त्यांना कुणी आत बोलावलं नाही.

तो ठिपका कुणी विझवला नाही. दौलतशोने यंत्र बंदही केलं नाही. दोन दिवसांनी बॅटऱ्या संपल्या तेव्हा मी आपोआप मालवलो.

रेडिओत पुढे नवं यंत्र आलं आणि दौलतशोने मला या घरी आणून ठेवलं. मद्दोह त्याच्या फोनमध्ये आहे. दर शुक्रवारी तो येतो, मामांच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि राहिलेली अर्धी शिकतो. चुकला की उस्ताद रबाबाच्या लाकडावर बोटाने ठोकतात. तो पुन्हा म्हणतो. आता वाटसरूची गोष्टही त्याला सांगता येते, जरा घाईने सांगतो एवढंच. पहिलं नाव घेतो, दुसरं घेतो. तिसऱ्यापाशी दोघे थांबतात. तिसरं अजून तो घेत नाही. ते करून बघायचं नसतं. कधीतरी घ्यावं लागेल, तेव्हा ते केवढं उंच जाईल हे आज कुणालाच माहीत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी मोजणारी यंत्रं तुमच्या घरीही असतील, मोठ्यांच्या फोनमध्ये असतील, शाळेच्या स्पीकरजवळ असतील. आमच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आम्ही गाणं ऐकत नाही, मान खाली घालत नाही, कुणाला थांबवत नाही. पण उंची खरी सांगतो आणि तुम्ही बघेपर्यंत थांबतो. तेव्हा समोरच्या माणसाने तुम्हांला आपला पूर्ण आवाज अजून दाखवला नसेल, तर वर जागा ठेवा, पुरेशी वाटते त्याहून जास्त. आणि बटण दाबण्याआधी एकदा बघा.

शिरीनमो शुक्रवारी धूळ पुसते. आधी काच, मग कळ, मग कडा. आता बॅटऱ्या नाहीत, बटण दाबलं तरी काही होणार नाही, हे दौलतशोने तिला सांगितलं आहे. तरी ती तेवढी जागा सोडून पुसते.